शेवटचा पोयेरा कुणाचा

मे ५, सोमवार

नातीने वही आणून दिली. जाड पुठ्ठ्याची, वर फुलपाखरू. म्हणाली, "आजी, पोयेरा कसा शिवायचा ते सगळं यात उतरव. कमरेच्या निऱ्या, खालच्या आडव्या दुमडी, आतले परकर, सगळं." मला अक्षर येत नाही. सहीच्या जागी अंगठा उठवते, तोही रुबाबात. म्हणून मी बोलणार आणि माझी लेक ग्लादिस लिहिणार. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणे. असेल. मला तर मुंग्यांची वरात दिसते.

"आई, आधी तू कोण ते सांग," ग्लादिस म्हणते.

"तुला माहीत नाही?"

"वाचणाऱ्याला नसेल."

बरं, लिही. मी दोन्या हिलारिया, म्हणजे हिलारियाबाई. ला पाझमध्ये चढावरच्या बाजारात, टोप्यावाल्या सेवेरोच्या शेजारी माझा गाळा. पोयेरा म्हणजे आमचा घेरदार घागरा, त्यावर दोन वेण्या आणि टोपी. जन्मभर तो घातला आणि जन्मभर दुसऱ्यांसाठी शिवला. ग्लादिसला मात्र मी झगेवाली केली. शाळेत घातली, निळा गणवेष घातला, नावसुद्धा विमानातल्या बाईला शोभेल असं ठेवलं. आता ती नोंदणी कचेरीत काचेच्या खिडकीमागे बसते, पँट घालते, केस मानेपर्यंत कापलेले. मोठे साहेबसुद्धा तिला "सेन्योरा ग्लादिस" म्हणतात. तिची मुलगी योसेलिन फॅशन शिकली. म्हणजे आजी पोयेरेवाली, लेक झगेवाली आणि नात गुडघ्यावर फाटलेल्या पँटवाली. नवी असतानाच फाटलेली, बरं का. विकत घेतलेली भोकं.

सात जूनला योसेलिनच्या कपड्यांचा कार्यक्रम आहे. पहिलाच. मोठा हॉल, दिवे, मुली चालत येणार आणि चालत जाणार. सगळे कपडे तिने शिवलेत, एक सोडून. तो मी हाताने शिवायचा आहे. सगळ्यात शेवटी येणार तो.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"आहे एक जण."

"नाव?"

"आजी, कापड आलं की बघू."

ताकास तूर लागू देईना. पण तिला कुठे ठाऊक, नाव कळल्याशिवाय मी सुईत दोरासुद्धा ओवत नाही.

मे ८, गुरुवार

निऱ्यांचं आज सांगणार होते, पण त्याआधी योसेलिनच्या खोलीवर गेले होते ते सांगते. निऱ्या कुठे पळून जात नाहीत.

खोलीत खिळ्यांना कपडे टांगलेले. एक जीन्सच्या कापडाचा पोयेरा. उचलून बघितला तर भिजलेल्या मेंढीएवढा जड. आमच्या शालीची झालर असते ना, ती तिने एका जाकिटाच्या पाठीवर लावली आहे. आणि एक काळा कोट, त्याच्या बाह्यांवर दुमडी!

"हे काय ग? पोयेऱ्याला दुमडी असतात त्या पोरगी वाढली की सोडायला. हात काय वाढणार आहेत?"

"वाढणार नाहीत. इकडे खिडकीशी ये. दिसलं? प्रत्येक दुमडीखाली काळोखाची एक रेघ पडते."

बघितलं. पडते. इतकी वर्षं दुमडी घालते आहे, पण माझं लक्ष टाका सरळ जातोय का तिकडे. त्या रेघा मी कधी बघितल्याच नव्हत्या. तिला अर्थातच म्हटलं नाही. "धूळ बसेल त्यात," एवढंच म्हटलं.

ती मक्याची गरम आपी आणायला खाली उतरली आणि मी तो कोट घालून बघितला. नुसतं कळावं म्हणून. एक हात गेला. दुसरा अर्ध्यात अडकला. पोरगी दोन गरम पेले घेऊन परत आली तेव्हा मी खोलीच्या मधोमध एका पंखाच्या कोंबडीसारखी उभी होते.

ग्लादिस हसतेय. लिही, हसतेय म्हणून.

मे १३, मंगळवार

मिरवणुकीचा हंगाम. आज एक पोरगी आली. च्युइंगम चघळत. नाचाच्या तुकडीसाठी पोयेरा हवा होता, गुलाबी, चमचमता.

"घरी काय घालतेस?"

"जीन्स."

"मग समोर जा. दोन्या रेम्बेर्ता तुझ्यासारख्यांचं शिवते."

रेम्बेर्ताचा गाळा बरोबर समोर. तिला सगळं ऐकू येतं, नको तेव्हा जास्तच. ती ओरडली, "हिलारिया, गिऱ्हाईक हाकलायचा पगार कोण देतं ग तुला?"

"तुझं कपाट भरतंय ना, मग तूच दे!"

पण लिहून ठेव, नात विचारेल. माझा नियम एकच. एका दिवसाच्या बहुरूपिणीला मी शिवत नाही. आम्हाला हॉटेलच्या दारातून परत पाठवायचे. बसमध्ये मागे उभं राहा म्हणायचे, जागा खातेस म्हणून. तेव्हा हा अंगावरून उतरवून पिशवीत कोंबता येत नव्हता. ज्यांना उतरवता येतो त्यांनी भाड्याने घ्यावा.

म्हणूनच मला नाव हवं. योसेलिनला आज बजावलं, "शेवटची जर कुणी झगेवाली निघाली तर मी टाका घालणार नाही. देखणी असो की मंत्र्याची मुलगी असो."

तिचा चेहरा पडला. "आजी, लोकांच्या लक्षात शेवटचाच राहतो. तो नसेल तर बाकीचं सगळं नुसतं गंमत म्हणून केल्यासारखं दिसेल. बाहीवर दुमडी, पाठीवर झालर. लोक म्हणतील, पोरीने आजीचं कपाट लुटलं."

"लुटलंसच."

"म्हणून तर शेवटचा तुझ्या हातचा हवा."

"मग नाव सांग."

नाही सांगितलं. हट्टी आहे. कुणावर गेली कोण जाणे. ग्लादिस, मान वर करून माझ्याकडे काय बघतेस, वहीकडे बघ.

मे १६, शुक्रवार

माप आलं! नाव नाही, पण माप आलं.

आकडे मला कळत नाहीत, सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. मी फितीला गाठी मारते. एक गाठ कमरेची, एक नितंबाची, एक घोट्यापर्यंतच्या लांबीची. प्रत्येक गिऱ्हाइकाची फीत वेगळ्या रंगाची, वेगळ्या खिळ्याला. योसेलिनने पांढरी फीत आणून दिली आणि पळाली. सोबत कापडाचा गठ्ठा. करडं, उभ्या बारीक रेघांचं, पुरुषांच्या कोटाचं कापड! पोयेऱ्याला! बँकेतल्या मॅनेजरच्या ढुंगणावर असतं ते.

कापड बाजूला टाकलं आणि फीत घेतली. खिळ्यावरच्या एकेका फितीशी लावून बघितली. कुणाशी जुळत नाही. आधी वाटलं माझीच असेल, मला चकित करायचं असेल. दुपारभर त्याच भ्रमात होते. आरशात बघून जरा पोट आत घेऊन चालूनही बघितलं. पण ही कंबर माझी नाही. अशी कंबर माझी होती तेव्हा देशात दुसरं नाणं चालायचं.

ही बाई उंच आहे. तरुण नाही, कारण कंबर आणि नितंब यांच्यातलं अंतर तरुण पोरीचं नाही. आणि योसेलिनने डाव्या बाजूला एक जास्तीची गाठ मारली आहे. म्हणजे डावी बाजू उजवीपेक्षा जरा वर. अशी बाई तासन्‌तास एका बाजूला कलून बसत असणार. किंवा लहानपणी मूल कडेवर घेऊन वाढली असेल.

ग्लादिस, एवढं एक वाक्य लिहायला इतका वेळ? सर्दी झाली असेल तर नाक पूस, वहीवर गळेल.

मे १८, रविवार

आज वहीचं काम केलं. ग्लादिसनेच विचारलं, "आई, पायऱ्या चढताना, पाणी ओलांडताना पोयेरा कसा धरायचा, तेही सांग. वहीसाठी."

"वहीत कपडा शिवायचं लिहायचंय, चालायचं नाही."

"शिवणाऱ्याला माहीत हवं ना."

मला बरं वाटलं. उभी राहून दाखवलं. चढताना पुढून नाही धरायचा, नाहीतर पोस्टाची पेटी उचलल्यासारखं दिसतं. डाव्या हाताने, मांडीच्या जरा मागून, मूठभरच. पलीकडे पाऊल पडलं की झटकन सोडायचा नाही. आतले परकर एकेक करून खाली बसतात, त्यांना बसू द्यायचं. आणि टोपी? टोपीचा विचार करायचा नाही. विचार केला की पडते.

तिने दोनदा दाखवायला लावलं. एवढा अभ्यास तिने शाळेत केला असता तर वकील झाली असती.

मे २१, बुधवार

आज मी आणि सेवेरो हेरगिरीला गेलो. त्याला म्हटलं, तू माणसाचं डोकं बघून टोपीचं माप सांगतोस, मी चालीवरून कंबर सांगते, दोघं मिळून एक अख्खी बाई शोधू.

माझा संशय रेडिओवर सकाळी बोलणाऱ्या बाईवर होता. योसेलिनची तिच्याशी ओळख आहे आणि ती उंच आहे. रेडिओच्या दारासमोर सालतेन्याची, म्हणजे रस्सा भरलेल्या करंज्यांची गाडी आहे. तिथे उभे राहिलो. मी खात होते, सेवेरो पहारा देत होता. मग तो खात होता आणि मी पहारा देत होते. त्याच्या शर्टावर सगळा रस्सा सांडला. ती बाई आली, तिने सालतेन्या घेतली आणि रस्त्यात एक थेंब न सांडता खाल्ली. सांभाळून खाणारी, सरळ उभी राहणारी. कमरेच्या दोन्ही बाजू सारख्या.

"ही नव्हे," मी म्हटलं.

"डावी बाजू वर म्हणालात ना?" सेवेरो तोंड पुसत म्हणाला. "तर ती दिवसभर खिडकीला टेकून बसणारी..." आणि त्याला एकदम खोकला आला. खोकत खोकत टोप्यांच्या गप्पांवर आला.

म्हाताऱ्याने धूर फार ओढला आयुष्यभर.

ग्लादिस आजही उशिरा आली. कचेरीत काम वाढलंय म्हणे. हे सरकारही काय, पावसाळ्यात उंदरं वाढतात तसे कागद वाढवतं.

मे २७, मंगळवार

आज मातृदिन. ग्लादिसने केक आणला, वर साखरेची फुलं, माझ्या कवळीला न झेपणारी. खाल्ला. आता वही उघड आणि मी सांगेन ते शब्द न्‌ शब्द लिही.

आज गाळा लवकर बंद केला. चढावर आपल्या कोपऱ्यावरचा नळ फुटलाय, पाणी रस्त्यावरून वाहतंय. मी भाजीवालीच्या छत्रीखाली टेकले होते. समोरून माझी लेक आली. पँटमध्ये, हातात केकचं खोकं. पाण्यापाशी थांबली. खोकं उजव्या हातावर तोललं. आणि डाव्या हाताने मांडीच्या जरा मागची हवा मुठीत धरली. उचलली. पाऊल पलीकडे टाकलं. मग हळूच सोडली. आणि क्षणभर थांबली, जे तिच्या अंगावर नव्हतंच त्याला खाली बसू दिलं.

का थांबलीस? लिही.

"लिहिते आहे, आई."

"हे चालायचा सराव कुठे केलास?"

"योसेलिनच्या खोलीवर. संध्याकाळी. तुझा जुना जांभळा घालून."

तरीच त्याच्या घड्या माझ्या नव्हत्या. आणि मी रेडिओच्या दारात उभी राहून सालतेन्या खात होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"सेवेरोला माहीत होतं?"

"टोपी त्यांनीच दिली."

"रेम्बेर्ताला?"

"नाही! तिला कळलं तर आधी शेजारच्या एल आल्तो शहराला कळेल."

मी विचारलं, पोरीने तुला गळ घातली का? तर म्हणे नाही. हीच पोरीकडे गेली. शेवटची मी येऊ का, असं हिनेच विचारलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई, कचेरीतली!

मी म्हटलं, "माझा नियम तुला ठाऊक आहे."

"वहीत मीच लिहिलाय."

"मग हेही लिही. मी शिवणार नाही."

लिहिलं. अक्षर हललं नाही. मला वाचता येत नाही, पण मुंग्यांची वरात मोडली तर कळतं.

मे २८, बुधवार

आज काही सांगायचं नाही. थंडी आहे.

जून १, रविवार

कापडाचा तो करडा गठ्ठा गाळ्यात पडून आहे. बाजूला सरकवला की पुन्हा पायात येतो, मांजरासारखा.

आज ग्लादिसला आणि मला दोघींना सुट्टी. चुन्यो, हे आमचे थंडीत सुकवलेले बटाटे, सोलत बसलो. मी म्हटलं, तुला शाळेत घातलं तेव्हा मुख्य बाई काय म्हणाली ते आठवतं का? म्हणाली, मुलगी हुशार आहे, पण ही वेणी आणि हा पोयेरा घेऊन पुढच्या बाकावर बसवता येणार नाही. मी त्याच दुपारी निळा झगा शिवला. शेजारणी म्हणाल्या, हिलारियाने पोर विकली. मी चुकले नव्हते. लिही. मी चुकले नव्हते, ती पुढच्या बाकावर बसली.

"चुकली नव्हतीस," ती म्हणाली.

"मग?"

तिने हातातला चुन्यो पाण्यात टाकला. मग म्हणाली, "आई, माझ्या खिडकीवर पोयेरेवाल्या येतात. जन्माची नोंद, लग्नाची, मरणाची. तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच बोलतात. मी आयमारात विचारलं की आधी दचकतात, मग हसतात. म्हणतात, सेन्योरितांना आमची भाषा येते! मला सेन्योरिता म्हणतात आणि काचेतून हात जोडतात. दर वेळी वाटतं ओरडून सांगावं, अहो, मी चढावरच्या हिलारियाची."

"सांगायचं."

"सांगितलं होतं. एकीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, हो का?"

मी सोललेलाच चुन्यो पुन्हा सोलायला घेतला. ही वही आहे म्हणून कबूल करते.

मी म्हटलं, "तुला लोक बहुरूपीण म्हणतील."

"म्हणतील."

"मी म्हणेन."

"तू तर आधी म्हणशील," ती म्हणाली, आणि हसली, आणि मला चुन्यो फेकून मारावासा वाटला.

जून ३, मंगळवार

हे कुणाला वाचून दाखवू नकोस.

आज गिऱ्हाईक नव्हतं. त्या कापडाचं एक टोक घेतलं, नुसतं बघायला. उभ्या बारीक रेघा, आणि मी त्यात निऱ्या घालून बघितल्या, हाताच्या रुंदीएवढ्याच. रेघ निरीच्या आत गेली की सगळं करडं दिसतं, साहेबासारखं गंभीर. पण कापड जरा हललं की निरी उघडते आणि आतून सगळ्या रेघा एकदम बाहेर येतात, पाऊस सुरू झाल्यासारख्या. थांबवलं की गुप्त. हलवलं की पुन्हा.

ही पोरगी! हे तिला कापड घेतानाच दिसलं असणार. मला कळायला निऱ्या घालाव्या लागल्या.

मग दुमडी कशा पडतील ते बघायचं राहिलं. एक घातली. खाली रेघा आडव्या तुटतात आणि पुन्हा जुळतात. दुसरी घालावीच लागली, नाहीतर पहिली एकटी दिसते.

समोरून रेम्बेर्ता, "काय ग, कोटवाल्यांचा पोयेरा शिवायला घेतलास?"

"गप बस आणि तुझे गुलाबी बघ."

जून ५, गुरुवार

पोयेरा झाला. ग्लादिससाठी शिवलेला नाही. कापडासाठी शिवलाय. असंच लिही. नियम नियमाच्या जागी आहे.

योसेलिनने तो उचलला, खिडकीशी नेला, हलवला, आणि माझ्या गळ्यात पडली. "आजी, रेघा बघितल्यास?"

"कसल्या रेघा?"

ग्लादिस म्हणते, हे लिहू की नको? लिही.

जून ८, रविवार

काल झालं एकदाचं. अंग आंबलंय, पण आज सांगितलं नाही तर अर्धं विसरेन.

हॉलमागच्या खोलीत पंचवीसेक पोरी अर्ध्या कपड्यांत पळत होत्या. एका कोपऱ्यात ग्लादिस, माझा करडा पोयेरा घालून, वर योसेलिनने शिवलेला काळा, बाह्यांवर दुमडी असलेला कोट. मी तिच्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. कंबर नीट बसली होती. बस, कंबरेचंच बघत होते.

मग केस करणारी मुलगी एक खोकं घेऊन आली. आत दोन वेण्या. लांब, काळ्या, टोकाला लोकरीचे गोंडे, कुण्या अनोळखी बाईचे केस. तिने त्या ग्लादिसच्या कापलेल्या केसांना चिमट्यांनी लावल्या.

मी पडद्याच्या फटीतून बघून आले होते. पहिल्या रांगेत सगळा बाजार बसला होता. योसेलिननेच बोलावलेला. मधोमध रेम्बेर्ता, नव्या शालीत, हात पोटावर. खोट्या वेण्या ओळखायला रेम्बेर्ताला डोळे लागत नाहीत. आपल्यात बाईला चोर म्हटलेलं चालतं, नकली वेणीवाली म्हटलेलं चालत नाही. कार्यक्रम गेला, पोरगी गेली, ग्लादिसला बाजारातून चालणं कठीण.

"ग्लादिस," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि स्वतःच हात वर नेऊन चिमटे काढले. आधी एक वेणी, मग दुसरी. त्या मुलीच्या हातात ठेवल्या.

योसेलिन पांढरी पडली. "मम्मा, वेण्यांशिवाय टोपी कशी? लोक म्हणतील अर्धवट आहे."

"अर्धवटच आहे," ग्लादिस म्हणाली. "पूर्ण आहे असं कोण म्हणतंय?"

मी टोपी उचलली. सेवेरोची, करडीच, तिच्या डोक्यावर ठेवली. "विचार करू नकोस," म्हटलं. मग पडद्याआडून धावत माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. धावत म्हणजे, माझ्या वयाचं धावणं.

सगळ्यात शेवटी ती आली. दिवे पांढरे होते. ती चालली आणि पहिल्याच पावलाला रेघा बाहेर आल्या. फोटोवाले खाली वाकले. मला मात्र तिची मान दिसत होती, कापलेल्या केसांखालची. लहानपणी वेणी घालताना मला रोज दिसायची ती.

रेम्बेर्ताने शेजारणीला कोपर मारलं. कुजबुज सुरू झाली. आणि तेवढ्यात, बरोबर मध्यावर, टोपी पडली. तोलच नव्हता, वेण्या नाहीत तर कशाने राहणार! घरंगळत थेट रेम्बेर्ताच्या पायाशी.

रेम्बेर्ताने टोपी उचलली, धूळ झटकली, आणि मिरच्या विकणाऱ्या आवाजात म्हणाली, "आधी केस तरी वाढव, पोरी!"

सगळा बाजार हसला. मागचे शहरी लोकही हसले, त्यांना काय कळलं देव जाणे. मी डोळे मिटून घेतले.

ग्लादिस काठाशी आली. डाव्या हाताने पोयेरा जरा मागून धरला, खाली बसली, हात पुढे केला. "वाढवायला घेतलेत, दोन्या रेम्बेर्ता. दोन वर्षांनी पुन्हा बोलावते तुम्हाला."

"मी तेव्हा असेन का?"

"तुम्ही? तुम्ही आम्हाला सगळ्यांना पोचवून मग जाल."

रेम्बेर्ता स्वतःच इतकी हसली की तिचीच टोपी हलली. तिने ग्लादिसच्या हातात टोपी दिली, आणि देताना आपल्या दोन बोटांनी तो करडा पोयेरा चिमटीत धरून चोळून बघितला. "हिलारियाचं काम आहे," शेजारणीला म्हणाली. "निऱ्या बघ. मेली म्हातारी होतच नाही."

ग्लादिस टोपी हातात घेऊन परत गेली. मागच्या पडद्याआड जाईपर्यंत पोयेरा धरला नव्हता, सोडलेला होता.

टाळ्या झाल्या. योसेलिन रडली. मी रडले नाही, धुरामुळे डोळे झोंबत होते. हॉलमध्ये धूर नव्हता असं ग्लादिस म्हणते. लिहिणारीने लिहावं.

जून ९, सोमवार

सकाळी गाळा उघडायच्या आत दोन पोरी येऊन बसलेल्या, रेघांचा पोयेरा हवा म्हणून. एकीला विचारलं, घरी काय घालतेस? म्हणाली, जीन्स. मी तोंड उघडलं, समोर पाठवायला. आणि तोंड उघडंच राहिलं. तिला म्हटलं, बस, विचार करते. अजून करते आहे.

दुपारी ग्लादिस जेवणाच्या सुट्टीत आली. काउंटरच्या पलीकडे उभी राहिली, गिऱ्हाइकासारखी.

"आई, मला एक हवाय."

"एक आहे ना तुला."

"तो कार्यक्रमाचा. मला रोजचा हवा. तपकिरी चालेल. धुता येईल असा."

"रोजचा म्हणजे?"

"कचेरीला."

मी सुई खाली ठेवली. "तुझे साहेब?"

"त्यांना काचेमागून माझं कमरेखालचं दिसतही नाही."

"मग कशाला हवाय?"

"मला दिसेल ना."

दोन पोरी कान टवकारून ऐकत होत्या. समोर रेम्बेर्ताही, तिचं शिवणयंत्र थांबलेलं.

मी म्हटलं, "हंगाम आहे. तुझ्याआधी गिऱ्हाइकं आहेत."

"थांबेन."

"आणि योसेलिनने तुझं माप पँटवरून घेतलं होतं, ते रोजच्याला चालायचं नाही. रोजच्यात बसावं लागतं, वाकावं लागतं, मिनीबसच्या मागे पळावं लागतं. माप नव्याने घ्यावं लागेल."

"घे."

हे सगळं ती आत्ता गाळ्यातच बसून लिहिते आहे, तिची सुट्टी संपत आलीय आणि बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय. बास झालं, ग्लादिस. ऊठ. स्वेटर काढ, हात वर कर.

अग, वही ठेव ना खाली.